राष्ट्रीय तपास यंत्रणा : स्थापना, अधिकार आणि पुराव्याची कसोटी

राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी ३१ डिसेंबर २००८ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या अधिनियमाला संमती दिली, तेव्हा मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते. हल्ल्यानंतर शिवराज पाटील यांनी गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेल्या पी. चिदंबरम यांनी १६ डिसेंबरला लोकसभेत विधेयक मांडले. लोकसभेने ते १७ तारखेला आणि राज्यसभेने १८ तारखेला मंजूर केले. तीन दिवसांत संसदेतून पार पडलेला हा कायदा संतापाच्या भरात जन्मला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु काही गंभीर गुन्हे 'संघराज्यीय गुन्हे' मानून, म्हणजे एका राज्याच्या हद्दीपुरते न समजता सबंध देशाविरुद्धचे समजून, त्यांचा तपास एका मध्यवर्ती संस्थेकडे द्यावा, ही सूचना फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमठ समितीच्या काळापासून चर्चेत होती, आणि वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही दहशतवादावरील अहवालात या प्रश्नाचा विचार केला होता. मुंबईने दिली ती निकड. कल्पना आधीचीच होती.

ती इतकी वर्षे अडली याचे कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्यातील विषयांची वाटणी आहे, आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' व 'पोलीस' हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत. केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाखाली चालतो आणि त्या अधिनियमाच्या कलम ६ नुसार त्याला राज्याच्या हद्दीत तपास करण्यासाठी त्या राज्याची संमती लागते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्याचे पहिले आरोपपत्र मुंबई पोलिसांनी दाखल केले आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये पुढील तपास सीबीआयकडे गेला. स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि कटाची सूत्रे दुबई व पाकिस्तानपर्यंत पोचत होती, तरीही असा गुन्हा आपण होऊन हाती घेईल अशी केंद्रीय संस्था तेव्हा कायद्यात नव्हती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा तपासही मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनेच केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये अकरा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र दाखल केले. या तपासाला यंत्रणेच्या इतिहासात स्थान देणे आवश्यक आहे, कारण परकीय भूमीवर रचलेला कट भारतीय न्यायालयात सिद्ध करायचा तर कोणत्या प्रकारचा पुरावा लागतो, याचा वस्तुपाठ त्याने घालून दिला. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत अजमल कसाबच्या बंदुकीवरची पकड सोडली नाही आणि त्यामुळे हल्लेखोरांपैकी एक जण जिवंत हाती लागला. खटला उभा राहिला तो या एका कृतीच्या आधारावर. हल्लेखोरांनी समुद्रात सोडून दिलेल्या 'कुबेर' या मच्छीमार नौकेवर दिशादर्शक जीपीएस संच सापडला, तर ज्या रबरी होडीतून ते किनाऱ्याला लागले तिला यामाहा कंपनीचे इंजिन होते. जीपीएस संचातील नोंदी अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेतील तज्ज्ञांनी वाचल्या, इंजिन पाकिस्तानात विकले गेल्याचा माग काढला, आणि त्याविषयी न्यायालयात साक्ष झाली. न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी मे २०१० मध्ये दिलेला निकाल उच्च न्यायालयात आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. एक होडी, तिचे इंजिन, एक यंत्र, त्यांचे पंचनामे आणि जागेवर गोळा केलेला मुद्देमाल हा त्या निकालाचा भक्कम पाया होता, आणि पुढे राष्ट्रीय यंत्रणेचे जे खटले टिकले किंवा कोसळले ते बहुतांशी याच गोष्टींवर.

अधिनियमाची रचना पाहिली म्हणजे जागेवर पुरावा गोळा करणाऱ्या पोलीस ठाण्याचे महत्त्व कायदा करणाऱ्यांनीही ओळखले होते, हे ध्यानात येते. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात काही अधिनियमांची यादी आहे आणि त्या अधिनियमांखालील गुन्ह्यांना 'अनुसूचित गुन्हे' म्हटले आहे; मूळ यादीत १९६२ चा अणुऊर्जा अधिनियम, बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) अधिनियम म्हणजे यूएपीए, विमान अपहरणविरोधी कायदा, सागरी वाहतुकीच्या सुरक्षिततेविषयीचा २००२ चा कायदा, सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा, तसेच भारतीय दंड संहितेतील राज्याविरुद्धचे गुन्हे आणि बनावट चलनाचे गुन्हे यांचा समावेश होता. कलम ६ नुसार असा गुन्हा एखाद्या पोलीस ठाण्यात नोंदवला गेला की ठाण्याच्या प्रमुखाने राज्य सरकारला आणि राज्य सरकारने विनाविलंब केंद्राला कळवायचे असते, आणि केंद्राने पंधरा दिवसांत तो गुन्हा राष्ट्रीय यंत्रणेकडे देण्याजोगा आहे की नाही हे ठरवायचे असते. यंत्रणा प्रत्यक्ष तपास हाती घेईपर्यंत ठाण्याच्या अधिकाऱ्याने तपास चालू ठेवायचा, असेही त्याच कलमात आहे. पहिले पंधरा दिवस, म्हणजे रक्त, काडतुसे, दूरध्वनीच्या नोंदी आणि ताजी स्मरणशक्ती हाती असण्याचा काळ, अशा रीतीने स्थानिक पोलिसांकडेच राहतो. त्याखेरीज केंद्राला आपण होऊन तपास सोपवण्याचा अधिकार आहे, आणि राज्याच्या हरकतीने तो थांबत नाही. सीबीआय आणि ही यंत्रणा यांच्यातला मूलभूत फरक हाच.

खटल्यांसाठी विशेष न्यायालये, सुनावणी रोजच्या रोज चालवण्याची व त्या खटल्यांना इतर खटल्यांहून अग्रक्रम देण्याची तरतूद, साक्षीदारांची ओळख गुप्त ठेवण्याची सोय आणि उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढे अपील, ही अधिनियमाची उरलेली चौकट होय. संसदेने त्याच दिवसांत यूएपीएमध्येही दुरुस्ती केली आणि आरोपपत्र दाखल करण्याची मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढवण्याची, तसेच आरोप सकृद्दर्शनी खरे वाटत असतील तर जामीन नाकारण्याची कडक तरतूद केली. टाडा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये मुदत संपून गेला होता आणि तसाच पोटा २००४ मध्ये रद्द झाला होता. दोन्ही कायद्यांत पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे आणि त्याच्या गैरवापराच्या तक्रारी देशभर झाल्या होत्या. नव्या व्यवस्थेत ती तरतूद घेतली गेली नाही, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे, कारण तिच्यामुळे नव्या यंत्रणेला पहिल्या दिवसापासून कबुलीजबाबाऐवजी वस्तूंवर, कागदांवर आणि तज्ज्ञांच्या अहवालांवर उभे राहावे लागले.

जम्मू-काश्मीर केडरचे अधिकारी राधा विनोद राजू हे यंत्रणेचे पहिले महासंचालक झाले. राजीव गांधी हत्येचा तपास करणाऱ्या विशेष पथकात त्यांनी काम केले होते, म्हणजे सीमेपलीकडून आलेल्या कटाचे धागे चिकाटीने जुळवण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता. मुख्यालय बरीच वर्षे दिल्लीतील जसोला येथे होते आणि २०१७ मध्ये ते लोधी रस्त्यावरील सीजीओ संकुलातील स्वतःच्या इमारतीत गेले. मुंबईची शाखा पेडर रोडवर, कंबाला हिल दूरध्वनी केंद्राच्या इमारतीत सुरू झाली. आसामच्या उत्तर कछार डोंगराळ भागात विकासाचा सरकारी निधी सशस्त्र गटाकडे वळवून शस्त्रखरेदी झाल्याचे प्रकरण यंत्रणेने अगदी सुरुवातीला हाती घेतले. गुवाहाटीच्या विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये त्यात शिक्षा सुनावली आणि उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती रद्द केली. चौदा वर्षे चाललेल्या या प्रकरणाची अशी अखेर होणे, हा संस्थेने गांभीर्याने अभ्यासावा असा विषय आहे.

संस्थेची खरी ओळख घडली ती डेव्हिड हेडली प्रकरणात. हल्ल्यापूर्वी मुंबईत वारंवार येऊन ताजमहाल हॉटेलसह अनेक ठिकाणांची पाहणी करणारा हा अमेरिकी नागरिक ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला आणि यंत्रणेने ११ नोव्हेंबर २००९ रोजी दिल्लीत गुन्हा नोंदवला. हेडलीने मुंबईतील वास्तव्यासाठी शिकागोतील तहव्वूर राणा याच्या स्थलांतर सल्ला संस्थेचा आडोसा घेतला होता आणि तिचे कार्यालय ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये थाटले होते. अमेरिकी सरकारशी केलेल्या कबुली करारामुळे हेडलीला भारताच्या स्वाधीन करता येणार नव्हते. त्यामुळे जून २०१० मध्ये यंत्रणेचे अधिकारी शिकागोला गेले आणि त्यांनी त्याची अनेक दिवस चौकशी केली. डिसेंबर २०११ मधील आरोपपत्रात हेडली व राणा यांच्यासह नऊ जणांची नावे होती. त्यांत लष्कर-ए-तैयबाच्या म्होरक्यांखेरीज मेजर इक्बाल आणि मेजर समीर अली या पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्यांचा उल्लेख होता. दहशतवादी संघटनेच्या पाठीशी असलेल्या परकीय राज्याच्या अधिकाऱ्यांना आरोपी म्हणून नाव घेऊन भारतीय न्यायालयासमोर मांडणे हे धाडसाचे पाऊल होते. राजनैतिक निषेधपत्रात जे मोघमपणे लिहिले जाते ते आरोपपत्रात कलमांनिशी लिहावे लागते आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

परकीय राज्याकडून होणारा उपद्रव नेहमीच बंदुकीतून येतो असे नाही. उच्च प्रतीच्या बनावट भारतीय नोटांचा पुरवठा हा त्याचा दुसरा मार्ग, आणि या विषयात यंत्रणेने केलेले काम वृत्तपत्रांत फारसे गाजले नसले तरी मोलाचे आहे. सामान्य बनावट नोट एखाद्या छोट्या छापखान्यात निघू शकते. परंतु नोट उजेडासमोर धरल्यावर दिसणारे जलचिन्ह, कागदात विणलेला सुरक्षा धागा, नोट तिरपी धरल्यावरच उमटणारी सुप्त प्रतिमा आणि दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी छपाई तंतोतंत जुळून पूर्ण होणारे चित्र, या साऱ्याची हुबेहूब नक्कल करायला राज्यसत्तेच्या नोटछापखान्याला साजेशी यंत्रसामग्री आणि तसाच कागद लागतो. मुंबईतील अशा एका प्रकरणात जप्त नोटांची तज्ज्ञांकडून तपासणी होऊन त्यांचे नाते पाकिस्तानी चलनाच्या कागदाशी व छपाईशी लावण्यात आले, आणि जानेवारी २०१४ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने सहा आरोपींना दोषी ठरवले. संसदेने २०१२ च्या दुरुस्तीने उच्च प्रतीच्या बनावट चलनाद्वारे देशाच्या आर्थिक स्थैर्याला धक्का लावणे हे यूएपीएखाली दहशतवादी कृत्य ठरवले होते आणि नोटांची ही सुरक्षा वैशिष्ट्ये कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिली होती. कोणती नोट 'उच्च प्रतीची बनावट' म्हणायची हा प्रश्न त्यामुळे तपास अधिकाऱ्याच्या मर्जीवर उरला नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे प्रकरण केरळच्या किनाऱ्यावर घडले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांनी चाचे समजून 'सेंट अँटनी' या मासेमारी नौकेवर गोळीबार केला आणि त्यात दोन मच्छीमार ठार झाले. केंद्राने २०१३ मध्ये हा तपास यंत्रणेकडे दिला आणि यंत्रणेने सागरी सुरक्षिततेचा २००२ चा कायदा लावण्याचा आग्रह धरला, ज्यात मृत्युदंडाची तरतूद आहे. इटलीने त्यावर तीव्र हरकत घेतली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने तो कायदा न लावण्याचा निर्णय घेतला. अखेर आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये असे ठरवले की नौसैनिक हे राज्याचे अधिकारी असल्याने त्यांच्यावर भारतात खटला चालवता येणार नाही, मात्र भारताला भरपाई मिळाली पाहिजे. इटलीने दिलेले दहा कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये भारतातील कार्यवाही संपवली. त्यांतील चार-चार कोटी मृतांच्या कुटुंबांना आणि दोन कोटी नौकेच्या मालकाला मिळाले. गुन्ह्याचा तपास करणारी संस्था आणि परराष्ट्र संबंध सांभाळणारे सरकार यांची वाट एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही प्रकरणात दिसले नसेल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वाधिक वेदनादायक प्रकरणे मालेगावची. सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम आरोपींना अटक केली होती. तपास पुढे सीबीआयकडे आणि नंतर राष्ट्रीय यंत्रणेकडे गेला, यंत्रणेने वेगळ्याच लोकांविरुद्ध आरोपपत्र ठेवले आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्या नऊ जणांना दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाचा तपास हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील पथकाने केला होता. तो २०११ मध्ये यंत्रणेकडे आला, २०१६ च्या पुरवणी आरोपपत्रात महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याची म्हणजे मोक्काची कलमे वगळण्यात आली, खटल्यात ३२३ साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी तीसहून अधिक फितूर झाले आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. 'फितूर साक्षीदार' म्हणजे पोलिसांपुढे दिलेला जबाब न्यायालयात नाकारणारा साक्षीदार. स्फोटानंतर दहा वर्षांनी साक्षी सुरू झाल्या असताना असे साक्षीदार निपजले यात नवल ते काय! समझोता एक्सप्रेसमधील फेब्रुवारी २००७ च्या स्फोटात ६८ माणसे दगावली. त्या खटल्यातही मार्च २०१९ मध्ये चारही आरोपी सुटले आणि विश्वासार्ह पुराव्याअभावी इतका निर्घृण गुन्हा शिक्षेविना राहिला याचे दुःख न्यायाधीशांनी निकालपत्रात व्यक्त केले. एकाच गुन्ह्याच्या तपासात दोन-तीन संस्था एकामागून एक बदलल्या आणि प्रत्येकीने नवी कथा मांडली तर बचावाचे काम सोपे होते. मृतांच्या घरच्यांना मात्र कोणतीच कथा पुरी ऐकायला मिळत नाही. मालेगावात आणि त्या गाडीत गेलेल्यांचे आप्त आजही उत्तराच्या प्रतीक्षेत आहेत, आणि संस्थेच्या इतिहासात ही नोंद यशाच्या नोंदीइतक्याच ठळक अक्षरांत असायला हवी.

हैदराबादच्या दिलसुखनगरमधील फेब्रुवारी २०१३ च्या स्फोटांचा खटला याहून वेगळा ठरला: विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे चार वर्षांच्या आत, इंडियन मुजाहिदीनच्या पाच जणांना मृत्युदंड दिला आणि तेलंगणा उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो कायम केला. गृहमंत्रालय यंत्रणेच्या दोषसिद्धीचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक सांगते. या आकड्याचा अभिमान रास्त असला तरी तो निकाल लागलेल्या खटल्यांचा आहे, हे विसरून चालत नाही. निकाल न लागलेल्या खटल्यांतील आरोपी बहुधा तुरुंगातच असतात, आणि जामिनाचा प्रश्न तेथून सुरू होतो. यंत्रणेच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करू नये असे सांगितले, तर यंत्रणेच्याच दुसऱ्या प्रकरणात, के. ए. नजीब खटल्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने खटला वाजवी मुदतीत संपण्याची शक्यता नसेल तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात असा निर्णय दिला. इस्लामिक स्टेटमध्ये सामील होण्यासाठी इराकमध्ये जाऊन परतल्याचा आरोप असलेल्या कल्याणच्या तरुणाला मुंबईत मिळालेला जामीन त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने कायम ठेवला. रोजच्या रोज सुनावणीची अधिनियमातील तरतूद कागदावर राहिली, तर कडक जामीनबंदी हीच शिक्षा होऊन बसते.

संसदेने जुलै २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीने संस्थेचे कार्यक्षेत्र दोन दिशांनी रुंदावले. १९०८ चा स्फोटक पदार्थ अधिनियम, मानवी तस्करी, प्रतिबंधित शस्त्रांचा व्यापार आणि सायबर दहशतवाद हे गुन्हे परिशिष्टात आले. शिवाय भारताबाहेर भारतीय नागरिकांविरुद्ध किंवा भारताच्या हिताविरुद्ध घडलेल्या गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकारही मिळाला. काबूलमधील गुरुद्वारावर मार्च २०२० मध्ये झालेल्या हल्ल्याबाबत यंत्रणेने या अधिकाराखाली पहिला गुन्हा नोंदवला आणि २०२३ मध्ये लंडनमधील उच्चायुक्तालय व सॅन फ्रान्सिस्कोतील वाणिज्य दूतावास यांच्यावरील हल्ल्यांचा तपासही तिच्याकडे आला. ऑगस्ट २०२२ पासून उत्तर भारतातील संघटित टोळ्या, त्यांचे खंडणी व सुपारी हत्यांचे व्यवहार आणि परदेशात बसलेले खलिस्तानी सूत्रधार यांच्यातील संबंधांची प्रकरणे तिने हाती घेतली. खून आणि खंडणी हे एरवी ठाण्याच्या पातळीवरचे गुन्हे असले तरी शस्त्र, पैसा आणि आदेश सीमेपलीकडून येत असतील तर हिंसक गुन्हेगारी आणि परकीय धोका यांच्यात सीमारेषा आखणे अवघड होते.

राज्यांशी असलेले नाते मात्र सुरळीत झालेले नाही. पुण्यातील विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या एल्गार परिषद प्रकरणाचा तपास जानेवारी २०२० मध्ये केंद्राने यंत्रणेकडे दिला, तेव्हा महाराष्ट्र सरकारने नाराजी व्यक्त केली, आणि त्याच महिन्यात छत्तीसगड सरकारने राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात मूळ अधिनियमालाच आव्हान दिले. तपास काढून घेण्याचा अधिकार कायदेशीर असला तरी तो वापरण्याची वेळ आणि कारणे राज्याला पटवून दिली गेली नाहीत, तर पुढच्या वेळी ठाण्यातून येणारी कागदपत्रे अनिच्छेने येतात, आणि त्याचा तोटा अंतिमतः खटल्याला होतो.

राणाच्या प्रत्यार्पणाने संस्थेच्या सर्वात जुन्या महत्त्वाच्या प्रकरणाला २०२५ मध्ये नवे वळण दिले. अमेरिकी न्यायालयाने त्याला २०११ मध्ये मुंबई हल्ल्याच्या आरोपातून मुक्त केले होते आणि लष्कर-ए-तैयबाला मदत करणे व डेन्मार्कमधील वृत्तपत्रावर हल्ल्याचा कट यांसाठी पुढे चौदा वर्षांची शिक्षा दिली होती. एकाच कृत्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही, हा त्याचा बचाव अमेरिकेच्या न्यायालयांनी एकामागून एक फेटाळला आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्ज नाकारला. १० एप्रिल २०२५ रोजी त्याला दिल्लीत आणले गेले, तेव्हा यंत्रणेचे महासंचालक सदानंद दाते होते. २००८ च्या त्या रात्री मुंबई पोलीस दलातील अधिकारी म्हणून कामा रुग्णालयात कसाब आणि त्याच्या साथीदाराशी झालेल्या झुंजीत ते हातबॉम्बने जखमी झाले होते. राणाविरुद्धच्या खटल्यात हेडलीचे जबाब, ताडदेवच्या कार्यालयाची कागदपत्रे, दोघांमधील ई-मेल आणि प्रवासाच्या नोंदी यांवर अभियोग पक्षाची भिस्त आहे, आणि मुख्य साक्षीदार अमेरिकेच्या तुरुंगात असताना हा पुरावा दिल्लीच्या विशेष न्यायालयात भारतीय पुरावा कायद्याच्या निकषांवर सिद्ध करण्याचे काम यंत्रणेच्या वकिलांपुढे आहे.